येताना घेऊन ये

हे गाणं चाललं नाही तर सासऱ्यांच्या टायरच्या दुकानात बसायचं, असं जावईबापूंनी भर जेवणात कबूल केलं होतं. सासरे शब्दाचे पक्के. त्यांनी जावयाच्या मापाचा निळा एप्रन शिवून खिळ्याला टांगूनसुद्धा ठेवला.

जावईबापू गाणी रचत. चाल बांधली, की नमुना म्हणून आपल्या थोरल्या बहिणीकडून ती गाऊन घेत. तो नमुना ऐकून मोठी गायिका गाणं बसवी. ताई म्हणजे प्रार्थनामंदिरात गात गात प्रवचन सांगणारी बाई. आवाज असा, की पेंगणारा माणूसही सरळ होऊन बसावा.

या वेळी ताईने ध्रुवपद उचललं, "दार उघडंच आहे रे, येताना घेऊन ये..." आणि गप्प. वाद्यं आपली वाजत राहिली.

नंतर जावईबापूंनी विचारलं, "ताई, 'चांदणं थोडं' कुठे गेलं?"

"ते लोकांनी म्हणायचं. सगळं मीच म्हटलं तर समोरच्यांनी काय माझं तोंड बघायचं?"

"इथे समोर कोण आहे? भिंत?"

"सवय आहे बाबा. तुझ्या गायिकेला सांग काय ते."

सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी सासऱ्यांनी त्यांना एप्रन घालून बघायला बोलावलं होतं. इकडे गायिका आली, नमुना ऐकला, मोकळ्या जागेसकट तंतोतंत गायली आणि परदेश दौऱ्यावर निघूनही गेली. जावईबापूंनी डोक्याला हात लावला. त्या जागेत बासरी घालून पाहिली, ढोल घालून पाहिला; सगळंच उपरं वाटे. शेवटी गाणं होतं तसंच बाहेर पडलं.

रेडिओवरच्या शंभर गाण्यांच्या यादीत ते अगदी तळाला, अंग चोरून बसलं. सासऱ्यांनी फोन करून बुटाचं माप विचारलं.

मग भरल्या मैदानात सामन्याच्या मध्यंतराला कुणीतरी ते लावलं. "येताना घेऊन ये..." आणि तीच मोकळी जागा. वरच्या रांगेतून एक जण ओरडला, "गोलकीपर!" मैदान हसून लोटपोट. पुढच्या ध्रुवपदाला सगळ्यांनी आपापलं काहीतरी मागितलं. तिथून गाणं घराघरांत शिरलं. बायका नवऱ्यांना फोनवर तेवढीच ओळ ऐकवून पुढे "दूध" म्हणू लागल्या. शाळेच्या बसमध्ये पोरं सुट्टी मागत, दवाखान्यात नर्सबाई झोप मागत. यादीत गाणं जिना चढल्यासारखं वर वर गेलं आणि पहिल्या जागेवर ऐसपैस बसलं.

सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, गिऱ्हाईकं गातच आत येतात हो. 'येताना घेऊन ये टायर.' चाल बरी आहे तुमची."

"मग एप्रनचं काय?"

"तुमच्या ताईंना पाठवलाय. खरं काम त्यांनी केलं म्हणे."

जावईबापू ताईकडे गेले, तेव्हा ती तोच एप्रन बांधून भांडी घासत होती. ते स्टुलावर टेकले. चेहरा उतरलेला.

"पहिला नंबर आला ना रे? मग असा का बसलास?"

"सगळं जग काय काय मागतंय, ताई. माझं 'चांदणं थोडं' मात्र कुणी म्हणत नाही."

ताई हसली नाही. पातेलं विसळत तिने ओळ धरली, "दार उघडंच आहे रे, येताना घेऊन ये..." आणि थांबून भावाकडे पाहत राहिली.

जावईबापूंनी घसा खाकरला. आवाज बेताचाच होता, पण सुरात लागला.

"हं," ताई म्हणाली, "आता ती कढई पूस."