धूर गिळणारं पिंप

वटपौर्णिमेला आमच्या गल्लीतल्या बायकांनी स्टीलच्या पिंपाला सूत गुंडाळलं. डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते.

खरा वड वळणावर उभा होता. माझ्या सासूनं लावलेला, बहात्तरच्या दुष्काळात भांड्यांचं खरकटं पाणी घालून आम्ही जगवलेला. वाळूजकडचा रस्ता रुंद करायला तो पाडणार होते, म्हणून महिनाभर आम्ही बाया आळीपाळीनं त्याच्याखाली बसत होतो. बाया बसलेल्या असताना करवत लावायची कुणाची छाती नव्हती.

मग वटपौर्णिमेच्या सकाळी रस्त्याच्या ठेकेदाराचा माणूस साहेबराव ते पिंप घेऊन शाळेच्या मैदानात आला. मागं जनरेटर धडधडतोय, हातात माईक.

"माताभगिनींनो, हा नव्या जमान्याचा वड! कार्बन गिळतो! हजार झाडांचं काम एकटा करतो!"

त्यानं टायर पेटवला. काळा धूर पिंपात गेला. वरच्या नळीवर त्यानं पांढरा रुमाल धरला, तो पांढराच राहिला. टाळ्याच टाळ्या! वडाखालच्या बायाही पूजेची ताटं घेऊन तिकडं धावल्या. वडाखाली एकटी म्हातारी द्वारकाबाई उरली. बायांना माघारी न्यायला मी मैदानात गेले, तर त्या पिंपालाच सूत गुंडाळत होत्या.

"पुढल्या साली पाण्यातून हायड्रोजन काढू! पाण्यावर चुली पेटतील!"

"नळ आठ दिवसांनी येतो," मी ओरडले. "आधी हंडा भर की रे मेल्या!"

"गप बसा वं अंबिकाबाई," शेजारची आशाबाई म्हणाली. "तुमचा वड एकच. हितं हजार हायेत."

माझी सून प्रेरणा शाळेत विज्ञान शिकवते. आमचं दोघींचं लई पटतं असं नाय, पण तिचं डोकं मी मानते. माझ्याच पानाच्या डबीतला चुना पाण्यात कालवून, वरची निवळी बाटलीत भरून ती आली. दोन ग्लासांत ओतली. एकात सायकलच्या पंपानं साधी हवा सोडली, पाणी नितळच राहिलं. दुसऱ्यात पिंपाच्या नळीतली हवा सोडली. बघता बघता दुधासारखं पांढरं.

"आत्याबाई, पिंपात नुसतं पाणी आहे," ती म्हणाली. "काजळी त्यात बसते, म्हणून रुमाल पांढरा. कार्बनचा वायू डोळ्यांना दिसत नाही, तो तसाच बाहेर येतोय. चुन्याचं पाणी त्यानंच दुधाळ झालं. वर हा जनरेटर डिझेल जाळतोय. हायड्रोजनचंही तेच. पाणी फोडायला वीज लागते. ती कोळशावर केली, तर धूर दुसऱ्या गावात निघतो, एवढंच."

"पुढच्या मॉडेलमध्ये करू, मॅडम," म्हणत साहेबरावानं जनरेटर बंद केला.

तेव्हा करवत ऐकू आली.

पोचलो तर वड आडवा. बुंध्यातून चीक गळत होता. द्वारकाबाईला दोघांनी उचलून सामानासारखं कडेला ठेवलं होतं. "हाका मारल्या गं," ती म्हणाली, "कुणी आलंच नाय." आशाबाई बुंध्याला मिठी मारून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले.

बायांनो, यंत्राशी माझं वैर नाय. धूर धरणारी खरी यंत्रं असतील, त्यांच्यावर शहाणी माणसं राबत असतील. पण कुणी दाखवायला आणलं तर इचारा, धरलेला वायू ठेवला कुठं? हे चालवायला जाळलं काय? आणि उत्तर मिळेस्तोवर झाडाखालून उठू नका.