सोपं गणित

कारकुनाने अर्ज खिडकीतून परत सरकवला.

"शाळेत सोपं गणित घेतलंय तुम्ही. या पदविकेला ते चालत नाही."

"अकरा वर्षं प्रयोगशाळेत आहे मी. नव्यांना द्रावणांची प्रमाणं मीच शिकवते."

"शिकवत असाल. माझ्या हातात काही नाही, बाई. पुढचे या."

ती निघाली ती तडक गणिताच्या जुन्या बाईंच्या घरी. वीस वर्षं ती मनातल्या मनात त्यांच्या नावाने बोटं मोडत आली होती. नववीत सत्त्याहत्तर गुण असूनही यांनीच आपल्याला कच्च्यांबरोबर सोप्या गणितात ढकललं, शाळेचा निकाल चांगला लागावा म्हणून. आज तोंडावर बोलायचंच, असं ठरवून तिने दार वाजवलं.

बाई पार वाकल्या होत्या, तरी त्यांनी तिला ओळखलं. ती तोंड उघडणार तोच तिच्या हातातल्या अर्जावर 'सोपं गणित' वाचून त्या म्हणाल्या,

"तुझं नाव मी मोठ्या गणितालाच घातलं होतं गं. तुझी ताई येऊन बदलून गेली. वडिलांची सही घेऊनच आली होती. म्हणाली, संध्याकाळचे जादा तास हिला जमणार नाहीत. आई अंथरुणाला खिळलेली, मी कामावर, घरी बघणार कोण?"

"मला कुणी बोललं नाही."

"तिनेच सांगू नका म्हटलं." बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "तीही एकोणीस वर्षांचीच होती की."

वीस वर्षं साठवलेले शब्द तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळले आणि ती उठली.

घरी ताई तिच्या प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. वडील त्याआधीच गेले. लग्न दोघींचंही राहूनच गेलं होतं.

"मिळाला प्रवेश?" ताईने मान वर न करता विचारलं.

ती तिच्या हाताकडे बघत राहिली. इस्त्री एकाच जागी थांबली होती.

"जागा भरल्या म्हणे."

"सुटले!" ताईच्या तोंडून निघून गेलं. मग सावरून म्हणाली, "म्हणजे... या वयात कशाला डोक्याला ताप? आणि गणित तुला झेपलंच नसतं गं."

करपल्याचा वास येऊ लागला. तिने पुढे होऊन ताईच्या हातातून इस्त्री काढून घेतली.

"नसतंच झेपलं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाहीच्या सुरकुत्या काढू लागली.