हिरव्या टिकल्यांची वही

मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अंकिताने फ्रिजशेजारच्या खिळ्यावरची लांबडी वही काढली. सासूबाई प्रेमलाबाई फिरायला बाहेर पडल्या त्याला तोवर अडीच तास होऊन गेले होते. एरवी पावणेसातला परतून त्या चहाचं आधण ठेवत. त्यांचा फोन टेबलावरच होता. अंकिता त्यांना शोधत मैदानाला चक्कर मारून आली होती.

वही तिचीच कल्पना. समाधानी आयुष्याच्या तीन दिवसांच्या शिबिरातून ती हे शिकून आली होती. सासूबाईंनी रोज एक ओळ भरायची, चार रकाने: चालणं, पाणी, गोळी, मन. पहिल्या तिन्हींत बरोबरची खूण करायची, मनाच्या रकान्यात टिकली लावायची. दिवस चांगला गेला तर हिरवी, बेताचा गेला तर पिवळी, वाईट गेला तर लाल.

"मन कसंय ते टिकली सांगणार व्हय गं?" प्रेमलाबाईंनी तेव्हा विचारलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी खेड्यापाड्यांतल्या शाळांत शिकवलं होतं. "जन्मभर पोरांची हजेरी घेतली, आता माझीच हजेरी!"

"सवय लागते हो आई त्यानं."

"लागंल की. आम्ही तर तपासणीला साहेब येणार म्हटलं की एका बैठकीत महिन्याची हजेरी पुरी करायचो."

दोघी खळखळून हसल्या होत्या.

दर रविवारी अंकिता सरत्या आठवड्याचं पान उघडी, फोटो काढी आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकी. चौदा आठवड्यांत एकही लाल टिकली नव्हती.

आता तिने चालू आठवड्याचं पान उघडलं. सोमवार हिरवा. आजचा मंगळवारही हिरवा. बुधवार, गुरुवार, रविवारपर्यंत सगळे हिरवे. तिने पान उलटलं, मग पुढचं. वही एकतीस डिसेंबरला संपत होती आणि शेवटच्या ओळीतही टिकली होती. खुणा सगळ्या एकाच पेनाच्या, एकाच वळणाच्या.

तिने गोळ्यांचा स्टीलचा डबा उघडला. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची जून-जुलैत आणलेली पाकिटं तशीच होती. एकही गोळी काढलेली नव्हती.

वही आणि पाकिटं पिशवीत टाकून ती खाली धावली. वॉचमन गुरुशांत टाकीचं पाणी सोडून नुकताच गेटवर आला होता.

"आजी फिरायला कुठं जात्यात वहिनी? रोज त्या कट्ट्यावर बसत्यात आन् वर येत्यात. मंगळवारी तेवढी रिक्षा करून स्टँडला जात्यात, तुमी हापिसात गेल्यावर. आज मात्र लई लवकर निघाल्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय. घरच्यांना म्हाईत नसतंय व्हय?"

अंकिताने नवऱ्याला, हृषीकेशला, फोन लावला. तो कारखान्यातून थेट सोलापूरच्या स्टँडवर गेला आणि आईचा फोटो दाखवत गाडीगाडीला फिरला. अंकिताने पोलीस चौकीत नोंद केली. दीड वाजता दुधनीहून परतलेल्या गाडीच्या कंडक्टरने फोटो ओळखला. हृषीकेशने अंकिताला फोन लावून तो त्याच्या हातात दिला.

"ह्या बाई व्हय! दर मंगळवारच्या की. वळसंगला उतरत्यात, सव्वातीनच्या गाडीनं माघारी."

"वळसंगला? आमचं तिथं कुणीच नाही हो."

"ते मला काय ठाऊक, ताई. पण लई खुशीत असत्यात. शेजारच्या बाईशी कन्नडात गप्पा, हसणं, काय विचारू नका."

"कन्नडात?"

"झ्याक बोलत्यात की. आज मात्र सकाळच्या पहिल्याच फेरीला आल्या, आन् गप्प होत्या. पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती जवळ."

अकरा वर्षांत अंकिताने सासूबाईंच्या तोंडून कन्नडचा एक शब्द ऐकला नव्हता. वही अजून तिच्या पिशवीत होती. चौदा मंगळवार. त्यातल्या कुठल्या टिकल्या खऱ्या होत्या, हे त्या एकसारख्या हिरव्या ओळींवरून कळायला मार्ग नव्हता. आणि तिने तरी कधी तोंडाने विचारलं होतं?

दोघं स्कूटरवर वळसंगला पोचली तेव्हा तीन वाजायला आले होते. थांब्याजवळच्या चहावाल्याने फोटो पाहून मान डोलावली. "सकाळी उतरल्या. त्या वाटेनं गेल्या, नेहमीसारख्या. कुणाकडं, ते कधी विचारलं न्हाय."

हृषीकेश त्या वाटेने निघाला. अंकिता गोळ्यांची पाकिटं मुठीत धरून थांब्यावर उभी राहिली.

सोलापूरला जाणारी सव्वातीनची गाडी तीन पंचवीसला आली. चार माणसं चढली. प्रेमलाबाई त्यांत नव्हत्या.