पाण्याखालची माती

आमच्या म्हाताऱ्याला गावात अजून मोठा देशाभिमानी म्हणतात. म्हणोत बापडे! ज्यांना त्याच्याबरोबर संसार करावा लागला नाही, त्यांचं म्हणायला काय जातंय?

मी तोमासा, त्याची बायको. तोंडावर त्याला अहो-जाहो करते, पाठीमागं आणि मनातल्या मनात अरे-तुरे. नाव त्याचं एपिफानिओ. दोन्या आना गावात राहत होतो तेव्हा तो पाटकरी होता. नदीचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते तो ठरवायचा, आणि एकदा ठरवलं की सख्खा भाऊ पाया पडला तरी पाळी बदलायची नाही. शब्द म्हणजे शब्द. लोकांना त्याचं फार कौतुक. मलाही होतं, खोटं कशाला बोलू.

मग अमेरिकेशी ती लढाई झाली, आम्ही हरलो, आणि कुठंतरी कुणीतरी नकाशावर रेघ मारली. आमच्या भागात नदीच्या पूर्वेचं सगळं अमेरिकेचं झालं, पश्चिमेचं मेक्सिकोकडं राहिलं. आमचं गाव पूर्वेला. चूल जिथल्या तिथं, मका जिथल्या तिथं, आणि मुलूख तेवढा परका झाला. ज्यांना मेक्सिकन राहायचंय त्यांनी नदी ओलांडून जावं, तिकडं मेसियाला नवं गाव वसतंय, असं सांगत मेक्सिकोच्या सरकारची माणसं फिरली.

सान इसिद्रो हा आमच्या शेतकऱ्यांचा संत. त्याची लाकडी मूर्ती पाटकऱ्याच्या घरी असते. तिच्यापुढं एपिफानिओनं गुडघे टेकले आणि शेजारीपाजारी सगळ्यांच्या देखत नवस बोलला, "सान इसिद्रो, मी जिवंत असेतो इथून पुढं माझा पाय ह्या अमेरिकनांच्या मातीला लागणार नाही. लागला तर माझी सात पिढ्यांची शेतं वाळून जावोत."

माझी आई म्हणायची, नवस बोलताना माणसानं एखादी फट ठेवावी, देवालाही मागं-पुढं व्हायला जागा लागते. ह्यानं ठेवली नाही. आणि हे सगळं तो त्याच मातीवर गुडघे टेकून बोलत होता, तेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

आमच्याकडं लाकडाचा दुष्काळ. त्यामुळं घर सोडताना माणूस छपराचे वासे काढून बरोबर नेतो, भिंती मातीच्या असतात, त्या मागं राहतात. वासे उतरवले, दार काढलं, सगळं बैलगाड्यांवर चढवलं. घराकडं बघवेना. डोक्यावरची ओढणी कुणी ओढून घ्यावी तसं दिसत होतं.

लिब्रादा, आमची लेक. चार झाली, जगली ही एकटी. त्याच हिवाळ्यात तिचं लग्न झालेलं. जावई अनास्तासिओ मागं राहणार होता, कारण त्याची आई अंथरुणाला खिळलेली, तिला गाडीत घालून नेली असती तर वाटेतच गेली असती.

गाड्या निघाल्या तेव्हा लिब्रादा धावत आली आणि बैलांपुढं रस्त्यातच गुडघ्यांवर बसली. आमच्यात लेकरू गुडघे टेकतं आणि बाप डोक्यावर हात ठेवून देवाचं नाव घेतो. प्रवासाच्या आधी, लग्नात, बाळंतपणाच्या आधी, मरताना. बापाचा हात डोक्यावर असल्याशिवाय लेकरानं मोठ्या कामाला निघू नये, असं आम्ही मानतो.

"बाबा, हात ठेवा."

"चल माझ्याबरोबर. पलीकडं पोचलो की ठेवतो."

"सासूबाईंना टाकून कशी येऊ? तुम्हीच सांगा. तुम्हाला तरी आवडेल का?"

"मग राहा अमेरिकन होऊन," असं म्हणून त्यानं बैलांना बाजूनं वळवलं.

ती तशीच धुळीत बसून राहिली. मी चालत्या गाडीतून उडी मारली, जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती म्हणाली, "तुझा आहेच गं आई. तो कुठं जातोय?"

मेसियात आम्ही घर बांधलं. भिंती नव्या, वासे जुने. नदी हिवाळ्यात गुडघाभर असते, मी अधूनमधून ओलांडून लेकीकडं जायचे, मिरच्यांच्या माळा, मधाचा गडू घेऊन. हा काही विचारायचा नाही. पण मी परत आले की चुलीजवळ येऊन बसायचा, आणि मी आपणहून सांगेपर्यंत उठायचा नाही. मी मुद्दाम ताटकळत ठेवायचे. तेवढीच माझी मजा.

लिब्रादाला म्हणाले, "तूच ये बाई एकदा. म्हातारा वितळेल."

"मी का येऊ? मला रस्त्यात गुडघ्यांवर टाकून गेले. आता त्यांनी यावं."

खाण तशी माती! दोघांचं नाकही एक आणि हट्टही एक. मी मध्ये पाण्यातून ये-जा करतेय.

तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा पोटातच गेलं. तिसऱ्या खेपेला मात्र दिवस भरत आले. मे महिन्यात, शेतातून सान इसिद्रोची मिरवणूक नुकतीच झाली होती, तेव्हा तिचा निरोप आला. निरोप आणला तिबुर्सिओनं. हा आमचा कोंपाद्रे, म्हणजे लिब्रादाच्या बाप्तिस्म्याला तिला हातांत धरणारा तिचा धर्मपिता; तो आणि म्हातारा एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, मला तो कोमाद्रे म्हणे. झाडाचं खोड कोरून केलेली त्याची होडी होती, तिच्यावर पोट होतं त्याचं.

"पोर घाबरलीय, कोंपाद्रे," तो म्हणाला. "हट्टबिट्ट सगळा गेला तिचा. म्हणते, ह्या खेपेला बाबांचा हात पाहिजे. उद्या सकाळी काठावर येऊन बसणार आहे."

"तिला आण इकडं."

"डोळे फुटले का तुझे? पाणी बघितलंस? उत्तरेचं बर्फ वितळून नदी दोन्ही काठ खातेय. अशा बाईला ह्या लोंढ्यात घालू? तू चल."

"माझा नवस आहे."

"नवस पायाचा केलायस ना? हाताचा नाही ना? मग पाय माझ्या होडीत ठेव आणि हात तिकडं पाठव!"

कितीतरी वर्षांनी मी म्हाताऱ्याला हसताना बघितलं. रात्रभर त्याला झोप नाही. पहाटे उठून दाढी केली, लग्नातला सदरा घातला. मला म्हणाला, "अगं, मला तो पूर्ण मंत्र आठवतोय ना बघ," आणि लहान पोरासारखा आशीर्वादाचे शब्द म्हणून दाखवायला लागला. त्या दिवशी मला त्याची फार माया आली. ते मला विसरता येत नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

आम्ही तिघं होडीत बसलो. पलीकडच्या काठावर लिब्रादा दिसत होती, एवढं मोठं पोट, आणि तिला धरून अनास्तासिओ. तिबुर्सिओनं लांब काठीनं रेटत, शिव्या घालत होडी पार नेली. आणि काठापासून थोडी अलीकडंच होडी गाळात रुतली.

लिब्रादा गुडघ्यांवर बसली. म्हातारा होडीच्या टोकाला गेला, ओणवा झाला, हात लांब केला. हात पोचेना. अजून वाकला. होडी डचमळली. हात आणि डोकं ह्यांच्यात एक पाऊल अंतर, बस्स, एकच पाऊल.

लिब्रादा पुढं सरकायला लागली तसा तिच्या गुडघ्याखालचा काठ ढासळला. अनास्तासिओनं तिला मागं ओढली. "लिब्रादा, वेडी आहेस का!"

"उतर," तिबुर्सिओ म्हणाला. "गुडघाभर पाणी आहे."

"पाणी कुणाचं?"

"पाणी देवाचं! उतर."

"आणि खालची माती?"

"खालची माती माशांची! अरे उतर गाढवा, पोर बसलीय!"

म्हाताऱ्यानं बूट काढला. पाय पाण्यात सोडला. पाय खाली गेला, अजून खाली गेला, आणि बोटं गाळाला लागली की काय, विस्तवावर पडावा तसा त्यानं पाय वर घेतला.

"बाबा," लिब्रादा म्हणाली. एवढंच म्हणाली.

"पाणी उतरलं की ये, पोरी," तो तिला म्हणाला. "बाळाला घेऊन ये. दोघांच्या डोक्यावर एकदमच ठेवतो."

मी घागरा सावरत बसले नाही. धपकन पाण्यात उतरले, चिखल तुडवत लेकीजवळ गेले आणि वळून ओरडले, "जा तुम्ही! तुमची शेतं सांभाळा! मी आता तिच्याजवळच राहणार."

होडी लोंढ्याबरोबर सरकत गेली. तो उभा होता, एका पायात बूट.

पुढचं मी लांबवत नाही. तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हाही नदी उतरली नव्हती. दिवस गेला, रात्र गेली. सुईण हुशार होती, तिनं होतं नव्हतं ते केलं. मूल झालं, मुलगा, पण रडलाच नाही. लिब्रादाचं रक्त थांबेना. मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसले होते, तर डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा आले का?"

मी म्हणाले, "आले."

"मग त्यांना सांग ना हात ठेवायला."

मी काय करणार? अनास्तासिओकडं बघितलं. त्यानं आपला हात तिच्या डोक्यावर ठेवला. ती जराशी हसली आणि त्याला म्हणाली, "हा तर तुझा." फसली नाही माझी पोर. दुपारी गेली. बाळाला तिच्या कुशीत ठेवून दोघांना एकत्रच पुरलं.

तिबुर्सिओनं पलीकडं बातमी नेली. दफनाच्या वेळी म्हातारा त्याच्या काठावर टोपी काढून उभा होता, असं लोक सांगतात. आमचं स्मशान नदीवरून दिसतसुद्धा नाही.

मी परत आले, कुठं जाणार? स्वयंपाक केला, भाकरी वाढली, पण बोलले नाही त्याच्याशी. त्यानंही बोलण्याचा प्रयत्न केला नाही. अनास्तासिओ, आई वारल्यावर, कॅलिफोर्नियाला सोनं शोधायला निघून गेला.

त्याच वर्षीच्या नाताळानंतर दूर राजधानीत कुणीतरी सही केली. आम्हाला कळायला पुढचा उन्हाळा उजाडला. आमच्या अध्यक्षाला पैशांची अडचण होती, आणि अमेरिकनांना आगगाडीसाठी सपाट जमीन हवी होती. त्यानं विकली, त्यांनी घेतली. आमच्या भागातलं नदीच्या पश्चिमेचं सगळं, मेसियासकट. आमच्या घराच्या भिंती, आमचा नवा पाट, सान इसिद्रोची मूर्ती ठेवलेला कोनाडा, सगळं त्यात आलं. आम्हाला कुणी विचारलं नाही. शेळी विकतानासुद्धा माणूस तिच्या पाठीवरून हात फिरवतो हो!

नोव्हेंबरात चौकात अमेरिकन शिपाई आले. वाजंत्रीवाले आले. एक अधिकारी घोड्यावरून उतरला, त्यानं कागद वाचला, दुभाष्यानं सांगितलं. ज्यांना राहायचंय त्यांनी राहावं, ज्यांना मेक्सिको हवाय त्यांनी नव्या रेघेपलीकडं, दक्षिणेला जावं. मग आमचं निशाण उतरलं आणि त्यांचं चढलं.

म्हातारा माझ्याशेजारी उभा होता. निशाणाकडं बघत नव्हता, आपल्या पायांकडं बघत होता.

"उचला," मी म्हणाले. "अहो, पाय उचला ना! माती त्यांची झाली. आता कुठं ठेवणार? माझ्या डोक्यावर ठेवा!"

लोक वळून बघायला लागले. तिबुर्सिओ म्हणाला, "कोमाद्रे, पुरे." मी म्हणाले, "का पुरे? एक पाऊल होतं. एकच पाऊल होतं मेलं! आणि ते ज्यांच्यासाठी राखलं, त्यांनी गाव विकून खाल्लं."

म्हातारा वळला. गर्दीतून निघाला आणि सरळ नदीकडं चालू लागला. मला वाटलं, जीव देतो की काय. कितीही झालं तरी नवरा. मी मागं धावले. नदीत त्या दिवसांत जीव देण्याइतकं पाणी नसतंच. तो बूट न काढता पाण्यात शिरला, पलीकडं निघाला आणि न थांबता चालत राहिला. मी त्याच्या मागोमाग दोन्या आनापर्यंत गेले. आमच्या जुन्या घरावरून गेलो. भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आत रानगवत माजलं होतं. त्यानं मान वळवली नाही.

स्मशानात मी पुढं झाले आणि थडगं दाखवलं. वसंतातल्या वाऱ्यानं क्रूस कधीच पाडला होता, आणि पुन्हा उभा करायला माणूस उरलं नव्हतं. दगडांची नुसती रास, दोन्हीकडून सारखीच.

तो गुडघ्यांवर बसला. उजवा हात वर केला, आणि तसाच थांबला. मग दीड वर्षात पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलला.

"तोमासा, डोकं कुठल्या बाजूला आहे?"

मी त्याचा हात धरला आणि दगडांवर ठेवला. "इथं," मी म्हणाले. त्यानं आशीर्वादाचे सगळे शब्द म्हटले, एकही विसरला नाही. मोठ्यानं म्हणत होता, नदीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.