पोटाखालची बारा वर्षं

मी कमरेचा पट्टा बोलतोय. कमरेचा म्हणायचं आपलं. माझी सारी नोकरी पोटाखाली दबून गेली.

१९७४ साली तुमसरच्या बाजारात सिहोऱ्याच्या भैय्यालाल गुरुजींनी मला घेतलं. माणूस प्रेमळ, पण पायांशी वैर. दोनशे पावलांवरच्या शाळेतही सायकलवर जायचे. सहा वर्षांत माझी सगळी भोकं संपली. मग त्यांनी खिळा तापवून दोन नवी पाडली. वर म्हणाले, "पट्टा आटला!" चामड्याने ऐकून घेतलं.

१९८१ मध्ये सारखी तहान, सारखी लघवीला धाव. बायकोला घेऊन गुरुजी भंडाऱ्याला गेले. डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. ती विटेसारखी लाल झाली.

"शुगर आहे, गुरुजी. वजन उतरवा, रोज चाला. हे दुखणं हृदयावर जातं. आणि शुगरवाल्याला झटका आला, तर छाती दुखेलच असं नाही."

गुरुजींनी गोळी सुरू केली. जिलेबीही सुरूच.

"अवो, कायले खाता?" त्यांची बायको चंद्रकलाबाई ओरडायच्या.

"मंग गोळी कायले खाऊन राहिलो?"

दोन वर्षांनी एका सकाळी मला बांधता बांधता गुरुजी घामाने भिजले. धाप लागली. "गॅस होय. ओवा दे," म्हणाले.

"छाती दुखते का?"

"नाई."

"म्हूनच मले भेव लागून राहिलं!" बाईंनी माझं बकल सोडलं, मला भिरकावलं आणि शेजारच्या धनीरामची जीप बोलावली.

अकरा दिवस मी पलंगाखाली पडून होतो. त्या पोटाला मी कमी शिव्या दिल्या नव्हत्या. तरी ते परत यावं, एवढंच वाटत होतं.

आलं. झटकाच होता, वेळेवर पोचले म्हणून वाचले.

त्यानंतर बपेऱ्याच्या रस्त्याने रोजची फेरी सुरू झाली. बाई पुढे, गुरुजी कुरकुरत मागे. हलवायाचं दुकान आलं की बाई नुसतं वळून पाहायच्या. पोलीस परवडला! तीन वर्षांत चौदा किलो उतरले. माझं टोक शेपटीसारखं पाठीमागे लोंबायला लागलं, वर्गातली पोरं हसायला लागली.

आता १९८६. गुरुजींनी नवा, आखूड पट्टा आणलाय आणि मी खुंटीवर बेकार लटकतोय. राग नाही. फक्त जाता जाता कुणीतरी गुरुजींच्या कानावर घाला: चंद्रकलाबाईंना नवी चप्पल घेऊन द्या. तुम्हाला चालवता चालवता त्यांची पार झिजलीय.