हिरव्या झाकणाची बाटली

प्रतापसिंहकाकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बडोद्यातल्या त्यांच्या अख्ख्या वाडीला ठाऊक होतं. कुणाची सोयरीक जमली, की मुलीच्या बापाआधी काकांकडून बातमी फुटायची. अशा माणसावर प्रयोगशाळेने गुपित सोपवावं, म्हणजे कमालच झाली!

गुपित होतं तीन बाटल्यांचं. काका छाणीकडच्या ज्या प्रयोगशाळेत कामाला होते, तिथे स्तनांच्या कॅन्सरच्या गाठी असलेल्या उंदरांच्या माद्यांना रोज औषध पाजत. लाल, पिवळ्या आणि हिरव्या झाकणाच्या बाटल्यांतून. एकीत नुसतं तेल, एकीत दवाखान्यातलं नेहमीचं औषध, आणि एकीत तिथे संशोधन करणाऱ्या शलाकाने चार वर्षं खपून एका वेलीच्या मुळातून काढलेलं द्रव्य. कशात काय, हे फक्त बाटल्या भरणाऱ्या काकांना माहीत आणि कपाटातल्या मोहोरबंद पाकिटाला. गाठी मोजणाऱ्या शलाकाला ते कळता कामा नये, नाहीतर डोळ्यांना हवा तोच आकडा दिसू लागतो. "मी पाया पडले तरी सांगायचं नाही," असा शब्द तिनेच काकांकडून घेतला होता.

आणि सहा आठवड्यांत हिरव्याच्या गाठी आटत चालल्या होत्या! पिवळ्याच्या जागच्या जागी होत्या, लालच्या वाढलेल्या. हिरवी म्हणजे शलाकाची वेल. तिने नेहमीच्या औषधालाही मागे टाकलं होतं, आणि अख्ख्या बडोद्यात हे एकट्या काकांना कळलं होतं. त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. दाढी करताना शीळ घालायचे, सिग्नलला थांबले की आपोआप हसायचे.

"या वयात कोण भेटली?" मथुराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एकदा विचारलंच.

"उंदीर," काका म्हणाले.

शुक्रवारी शलाका चेहरा पाडून आली. हिरवं म्हणजे नेहमीचंच औषध, आपली वेल पिवळी, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिच्या वेलीने त्या औषधाला हरवावं, एवढं मोठं स्वप्न पाहायची तिची छातीच नव्हती.

"काका, गोरव्यातल्या एका कंपनीत नोकरी मिळतेय. आज हो कळवते. सोमवारी पाकीट फोडा, मला नाही बघायचं." मग हळूच म्हणाली, "हरले ना मी? नुसती मान हलवा."

काकांच्या ओठांच्या कडा वर सरकू लागल्या. आता मेलो, असं मनात म्हणत त्यांनी गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं आणि रुमाल तोंडात कोंबला. खांदे मात्र गदागदा हलायला लागले.

शलाकाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नका ना काका. चालशे, चालायचंच! एवढं मनाला नका लावून घेऊ."

झालं! त्यांना आणखीच उबळ आली. ती गेली तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपल्या हसण्याने ही पोर वेल सोडून चालली. ते धावतच पार्किंगमध्ये गेले.

"ते 'हो' सोमवारी कळव."

"का?"

"का ते विचारायचं नाही. सहा आठवडे बाटल्या मी भरल्यात ने? पाकीट फोडताना तू समोर पाहिजेस. एवढा मान ठेव माझा."

म्हाताऱ्याचं मन मोडवेना म्हणून ती थांबली. काकांनी शनिवार-रविवार कुलूप घातल्यासारखं तोंड मिटून काढले. मथुराबाईंना वाटलं, दाढ दुखतेय.

सोमवारी तिच्या मार्गदर्शकांनी, भास्कररावांनी पाकीट फोडलं. कागद दोनदा वाचला. "हिरवं झाकण," ते म्हणाले, "शलाकाची वेल."

पहिली आरोळी काकांचीच. "उंदीर आहेत हे, माणसांपर्यंत पोचायला वर्षं लागतील," असं भास्करराव बजावत होते, पण स्वतःच मेज बडवत होते.

शलाका काकांसमोर येऊन उभी राहिली. "म्हणजे शुक्रवारी तुम्ही रडत नव्हता?"

"नाही गं," काका म्हणाले आणि रुमाल शोधू लागले. "आत्ता रडतोय."