गुंजांखालचा हात

"काका, हाथ बतावो," निकुंजभाई म्हणाला आणि आमच्या ह्यांनी छडी खायला पुढे करावा तसा हात पुढे केला.

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या स्टुडिओत मी गुंजा पुसायच्या कामाला होते. गुंजा, बिब्बे, रिठे, सागरगोटे, असलं रानातलं बारीकसारीक ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी निकुंजभाई फोटो काढून द्यायचा. मी तेलाचं बोट लावून एकेक दाणा चमकवायची. त्या दिवशी मॉडेल पोरीच्या गोऱ्या तळव्यावर गुंजा प्लास्टिकच्या दिसत होत्या, म्हणून निकुंजभाईचं डोकं सकाळपासून फिरलेलं. तेवढ्यात हे माझा विसरलेला डबा घेऊन आले.

"अरे वाह. एकदम जंगल जेवो हाथ छे."

जंगल कसलं डोंबलाचं, उधन्याची डाइंग मिल ती. सगळी उमर रंगाच्या हौदात गेली. कातडी काळी, मधेमधे पांढरे चट्टे, अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. मिलने घरी बसवल्यापासून हे चारचौघांत हात मांडीखाली घेऊनच बसायचे.

"मना हातना फोटो कसाले?" ह्यांनी मला हळूच विचारलं.

"मांगस तर द्या ना," मी म्हटलं.

मोबदला म्हणून निकुंजभाईने प्लेटभर लोचो, डाळीचा तो वाफवलेला सुरती पदार्थ, खाऊ घातला आणि फोटो ह्यांच्या मोबाइलवर टाकला. खरं सांगते, फोटो देखणा होता. काळ्या तळव्यावर लाल गुंजा नुसत्या पेटल्यासारख्या. मग काय, पानवाल्याला दाखव, रिक्षावाल्याला दाखव. आमच्या ह्यांचं, सुपडू पाटलाचं, कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं, त्यामुळे ते पचलं नाही. आमच्या हर्षदाचं लग्न दोंडाईच्याला ठरलेलं. तारीख काढायला तिचे सासरे सुकदेवभाऊ आले, तर चहा यायच्या आधी ह्यांनी त्यांच्यापुढे मोबाइल धरला.

"देखा सुकदेवभाऊ, हाऊ मना हात शे."

आ बैल मला मार, दुसरं काय.

पत्रिका वाटून झाल्यावर सुकदेवभाऊ पुन्हा आले, एकटेच, न कळवता. चहाला नको म्हणाले. त्यांनी आपला मोबाइल आमच्यापुढे ठेवला. कुठल्याशा तेलाची जाहिरात होती. कोड, खरूज, महारोग, सगळ्यांवर एकच तेल. वर 'उपचारापूर्वी' लिहिलेलं आणि खाली ह्यांचा हात. गुंजा पुसून टाकल्या होत्या, हात तेवढा ठेवला होता. चट्टे आणखी पांढरे केलेले.

"गावमा सगळासना मोबाइलवर फिरी ऱ्हायना," सुकदेवभाऊ म्हणाले. "हाऊच हात ना?"

"मिलना रंग शे तो, भाऊ. रोग नही."

"माले समजस. पन गावले कोन समजाडी?" मग घसा खाकरून म्हणाले, "मी लगीन मोडाले येल नही. कन्यादान पोरना मामा करी. तुम्ही फक्त कोनले हात लावू नका."

ह्यांनी हर्षदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, पोरगी आता बोलेल, सासऱ्याला चार शब्द सुनावेल. कठीण बोलायचं असलं की ती गुजरातीत शिरते.

"पप्पा, एक दिवसनीज तो वात छे," ती म्हणाली. एका दिवसाचीच तर गोष्ट. बापाला एक दिवस महारोगी व्हायला सांगत होती माझी लेक. माझी जीभ सळसळली, पण आपलेच दात, आपलेच ओठ.

"बरं," हे म्हणाले.

दुसऱ्या सकाळी मी स्टुडिओत जाऊन निकुंजभाईला धरलं, फोटो तेलवाल्याला का विकला म्हणून. त्याने कॅमेऱ्यातून डोळासुद्धा काढला नाही.

"फोटो मारो छे, कलाबेन. हाथ तमारो."

मी गुंजांचं ताट त्याच्या टेबलावर उपडं केलं आणि निघून आले. दुपारपर्यंत त्याने पुसायला दुसरी बाई ठेवली होती.

लग्न लागलं. कन्यादानाला माझा भाऊ उखा बसला. हे नवीन सफारी घालून शेवटच्या खुर्चीवर, दोन्ही हात खिशात घालून बसले होते. अक्षता वाटणारी बाई ह्यांना वगळून पुढे गेली. जेवणाचं विचारलं तर म्हणाले, भूक नाही. भूक नसायला काय झालं होतं, सकाळपासून पोटात पाणी नव्हतं त्या माणसाच्या.

निघायच्या वेळी हर्षदा सगळ्यांच्या पाया पडली. शेवटी ह्यांच्यापाशी आली आणि वाकली. बापाने डोक्यावर हात ठेवायचा आणि मग पोरीने उठायचं, ही आमच्यातली रीत. वरपक्षाच्या बायका बघत होत्या. सुकदेवभाऊही बघत होते.

"सुखी ऱ्हाय, बेटा," हे म्हणाले. हात खिशातच.

"हात काढा ना," मी दात आवळून म्हटलं.

"लोके देखी ऱ्हायनात."

हर्षदा वाकलेलीच होती. गाडीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा नवरदेवाने तिला दंडाला धरून उठवलं.